चौघींची गोधडी: १४ फेरे झाले, एक चुणी पडली, एक सुई हरवली

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, पण आधी थोडं पाल्हाळ ऐकावं लागेल.

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दर जानेवारीत तीन दिवस कुठेतरी जातो. आजवरचा शिरस्ता असा की देवळं बघायची, गड अर्धा चढायचा, अर्ध्यात खाली यायचं, बिलं चौघींत वाटायची आणि गेलो त्यापेक्षा जास्त दमून घरी यायचं. यंदा ठरवलं की फिरायचं नाही. एका जागी बसायचं आणि चौघींनी मिळून एक गोधडी शिवायची. वाईजवळच्या खेड्यात एकीच्या मामांचं घर रिकामंच असतं. मोठं माजघर, शहाबादी फरशी, पुढे पडवी. झालं, ठरलं.

नावं देत नाही, कारण तिघींना हा धागा वाचायला पाठवणार आहे. मास्तरीण (शाळेतून निवृत्त), बँकवाली, डावरी आणि मी.

कापड प्रत्येकीने आपल्या आईचं आणायचं होतं. माझ्या आईची इचलकरंजीची दोन सुती नऊवारी आली, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. मास्तरणीने आईची इरकल आणली, पदराचा लाल भाग विरलेला पण काठ अजून टणक. बँकवालीने आईच्या पाचवारी आणल्या आणि खणाचे तुकडे. डावरीकडे आईचं काहीच नव्हतं. आई गेल्यावर महिन्याभरात घरातल्यांनी सगळ्या साड्या बोहारणीला देऊन एक स्टीलचा डबा आणि दोन पातेली घेतली होती. म्हणून तिने वडिलांची दोन धोतरं आणली. ती आम्ही मधल्या थरांना घातली. बाहेरून दिसत नाहीत, पण गोधडीचं वजन म्हणाल तर ते त्यांचंच.

माप ६० इंच बाय ९० इंच. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, तेव्हा ६०-६० इंचांचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले की एक थर होतो. खाली अस्तर, मध्ये धोतरांचे दोन थर, वर चौकोनी तुकडे. तुकडे ६ इंची, एका पट्टीत १०, अशा १५ पट्ट्या. पट्ट्या घरूनच मशीनवर जोडून आणायच्या होत्या. तुकडा साडेसहा इंच कापायचा, म्हणजे दोन्हीकडची पाव-पाव इंच शिवण जाऊन ६ उरतात. हे ग्रुपवर तीनदा लिहिलं होतं. बँकवालीने बरोब्बर ६ इंच कापले. ३४ वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या बाईच्या चारही पट्ट्या ५ इंचांनी आखूड! दोन्ही टोकांना अडीच-अडीच इंच खण लावून निभावलं, आणि खरं सांगू का, आता तोच भाग सगळ्यात देखणा दिसतो. तिला सांगितलेलं नाही.

पहिला दिवस नुसता अंथरण्यात गेला. अस्तर उलटं पसरलं, हाताने साफ केलं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाट आणि दोन पितळी डबे ठेवले. मग एकेक थर. मग वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. संध्याकाळी चौघींच्याही कमरा गेल्या होत्या आणि पक्का टाका एकही पडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार बाजूंना चौघी बसलो आणि कडेने धावदोरा सुरू केला. कडेचा फेरा पुरा झाला की अर्धा इंच आत सरकून दुसरा. सकाळी पडवीत ऊन, दुपारी माजघरात. मध्ये एकदा डावरी चहा ठेवायला उठली आणि गोधडीही तिच्याबरोबर उठली. ड्रेसचा घेर खालून शिवला गेला होता! दहा-बारा टाके उसवून तिला सोडवलं. त्या दिवशी पुढचा तासभर काम झालं नाही, हसण्यातच गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून मेणवलीच्या घाटावर जाऊन आलो (वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी घंटा बघायचीच होती), बाकी दोन दिवस फक्त सुई. निघेपर्यंत १४ फेरे झाले.

आता अडचणी.

एक. निघायच्या आधी गोधडी उलटी केली, तर अस्तराला एका कोपऱ्यात चांगली बोटभर जाड चुणी. डावरीच्या बाजूचा कोपरा. शेवटच्या तीन फेऱ्यांत ती दुमडून शिवलीच गेली आहे. डावरीचे टाकेही आमच्यापेक्षा मोठे आणि तिरके आहेत. ती म्हणते, माझं सगळं उसवा आणि पुढच्या वेळी मी स्वयंपाक बघते. मास्तरीण म्हणते उसवू. बँकवाली म्हणते राहू दे. मी कुंपणावर.

दोन. सुया ९ नेल्या होत्या. मोजल्या तर ८.

तीन. आम्ही पुणे, ठाणे, सांगली आणि नाशिक अशा चार दिशांना. उरलेली गोधडी पुढच्या जानेवारीपर्यंत घडी घालून ठेवायची का?

वाकळवाली

आमच्याकडं वाकळ म्हणतात, म्हणून नाव घेतलंय तेच. कराडची आहे. आजवर किती शिवल्या मोजल्या नाहीत, पण नातवंडं आठ आहेत आणि प्रत्येकाला दुपटं आणि वाकळ दोन्ही दिलंय, त्यावरून काय ते समजा.

आधी सुईचं. सुई सापडल्याशिवाय ती वाकळ कुणी अंगावर घ्यायची नाही, कुणी तिच्यावर बसायचंसुद्धा नाही. लहान मूल तर जवळपास नको. आमच्या सासूबाई सुया मोजून द्यायच्या आणि दिवे लागणीला मोजून घ्यायच्या. सुई मोडली तर दोन्ही तुकडे आणून दाखवायचे, जुळवून. तेव्हा राग यायचा.

चुणीचं उद्या सांगते, एक गोष्ट विचारायची आहे. तुमची ती मैत्रीण डावऱ्या हाताची आहे म्हणून तिला डावरी म्हणता का? आणि ती इतर तिघींसारखीच बाहेरून आत तोंड करून बसली होती का?

सुईदोरा

हो, डावखुरी आहे. आणि हो, चौघी बाहेरच बसलो होतो, तोंडं मध्याकडे. का बरं?

घाटपांड्या

एक बाळबोध शंका. तयार गोधडी बाजारात मिळते, ऑनलाइनही मिळते. चार बायका, तीन दिवस, येण्याजाण्याचा खर्च, आणि काम अर्धवट. हिशोब काही जुळेना. (हलके घ्या.)

वऱ्हाडी_ठेचा

मायबाई, एका वाकयीपायी चार बाया तीन दिवस! माही आजी उन्हाळ्यात एकटीच बसे अंगनात. पन ते काम सहा महिने चाले हे बी खरं. अर्धी शिवेलच असे तरी आमी पोट्टे त्याच्यात घुसून झोपत. घाटपांड्या, तुमी इकत घेतलेल्या गोधडीत कोनाच्या मायचं लुगडं असते ते सांगा.

हिशेबी_माणूस

घाटपांड्यांनी हिशोब काढलाच आहे तर पुरता करू. गोधडीतलं काही कळत नाही, आकडे कळतात.

६० बाय ९० इंच. पहिला फेरा कडेने म्हणजे ३०० इंच. अर्धा इंच आत सरकलं की लांबी आणि रुंदी दोन्ही एकेक इंचाने कमी होतात, म्हणून प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा ४ इंच लहान. कडेपासून मध्य ३० इंच, म्हणजे एकूण ६० फेरे. सगळ्यांची बेरीज १०,९२० इंच, सुमारे २७७ मीटर.

तुमचे १४ फेरे म्हणजे ६० पैकी १४, पावापेक्षाही कमी असं वाटतं. पण ते बाहेरचे, लांबलचक फेरे आहेत. त्यांची बेरीज ३,८३६ इंच. म्हणजे काम ३५ टक्के झालेलं आहे! आणि गंमत बघा, २१ वा फेरा पुरा झाला की बेरीज येते ५,४६० इंच, बरोबर निम्मी. अजून फक्त ७ फेरे आणि तुम्ही निम्म्यावर. शेवटचे फेरे तर ६०-७० इंचांचे असतील, चहा गार व्हायच्या आत होतील.

इंचाला ३ टाके धरले तर आत्तापर्यंत साडेअकरा हजार टाके घातलेत. पूर्ण गोधडीचे पावणेतेहतीस हजार.

किती तास बसला होतात ते सांगितलंत तर उरलेला वेळही काढून देतो.

सुईदोरा

हिशेबी, तुम्हाला आमच्याकडून हुरड्याचं निमंत्रण! हे वाचून बँकवालीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "बघ, ६ इंचाचं सोड, आकडा चांगला आला."

हातात सुई असा वेळ प्रत्येकीचा जेमतेम ९ तास असेल. बाकी चहा, भाकरी, उन्हात बसणं, आणि दोरा ओवायला चष्मा शोधणं. तीन चष्मे एकमेकींचे अदलाबदल झाले होते ते निराळंच.

हिशेबी_माणूस

चौघींचे मिळून ३६ तास, ९७ मीटर. तासाला २.७ मीटर. उरले १८० मीटर, म्हणजे एकूण ६७ तास, वाट्याला १७-१७ तास. वेग तोच राहिला तर. मात्र आतल्या फेऱ्यांना चौघी एकदम बसू शकणार नाहीत असं वाटतं, जागाच पुरणार नाही. यावर जाणकारांनी बोलावं.

वाकळवाली

बोलते. आतल्या फेऱ्यांना वाकळीवरच बसायचं असतं, कडेला बसून हात पोचत नाही. कड गुंडाळून मांडीवर घेतली तरी चालतं.

आता चुणी. सुईदोरा ताई, एक काम करा. वाकळ अंथरा आणि तुमच्या मैत्रिणीच्या जागी बसा. चुणी तिच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात आहे ना? आता तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्याकडं बघा. तिथं कापड ताणलंय का, पत्र्यासारखं?

सुईदोरा

वाकळवाली ताई!!! आत्ता अंथरून बघितली. चुणी उजव्याच कोपऱ्यात आहे. आणि डावीकडच्या कोपऱ्यात अस्तर इतकं ताणलंय की वरचे तुकडे गोळा झालेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्हाला कराडात बसून कसं कळलं?

वाकळवाली

त्यात काय कळायचं. टाका घालताना कापड थोडं थोडं पुढं सरकतच, तुम्ही कितीही कच्चे टाके घाला. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडं शिवते. तुम्ही तिघी तशाच, त्यामुळं तिघींचं कापड एकाच दिशेनं गोल फिरतंय, घड्याळाच्या काट्यासारखं. एकीनं ढकललेलं दुसरी पुढं नेते, कुठं साठत नाही. डावरी मात्र डावीकडून उजवीकडं येणार. म्हणजे तिच्या उजव्या कोपऱ्यात तीही ढकलतीय आणि शेजारचीही ढकलतीय. सगळं तिथं येऊन बसलं. आणि दुसऱ्या कोपऱ्यातून दोघी आपापल्या दिशेनं घेऊन गेल्या, म्हणून तिथं ताण. पोरीचा हात वाईट नाही. बसायची जागा चुकली.

उपाय सोपा आहे. तिला वाकळीच्या आत बसवा, तोंड बाहेर. मग तिची डावी बाजू उलट होते आणि तिचा दोरा तुमच्याच दिशेनं चालायला लागतो. माझी धाकटी जाऊ डावरी होती, सासूबाईंनी तिला पहिल्या दिवशीच मध्ये बसवली होती. आम्हाला वाटायचं लाडकी आहे म्हणून.

घाटपांड्या

मी हे वाचायला उठून टेबलावर पेन, चहाचा कप आणि दोन बिस्किटं मांडून बघितलं. खरं आहे. मागचा प्रतिसाद मागे घेतो.

सुईदोरा

मी इथे थोडी गप्प झाले आहे. तीन दिवस ती बिचारी "माझंच चुकतंय, माझंच चुकतंय" करत होती आणि आम्ही तिघी तिला समजावत होतो की असू दे, हळूहळू जमेल. ४० वर्षं तिच्याबरोबर जेवताना तिचं कोपर लागू नये म्हणून तिला टोकाला बसवतो आणि हे सुचलं नाही.

मग उसवायचं किती?

वाकळवाली

फक्त चुणीचा कोपरा. शेवटचे तीन फेरे, दोन्ही बाजूंना वीत-वीतभर. ब्लेडनं नको, सुईच्या मागच्या टोकानं, नेढ्याकडनं, एकेक टाका उचलायचा. जुन्या साडीला ब्लेड लागलं की चीर पडते आणि ती चीर धुण्यात मोठी होत जाते. उसवून झालं की पाण्याचा हात फिरवून इस्त्री, मग कच्चे टाके, मग पक्के. ताणलेल्या कोपऱ्यातले तीन फेरेही तेवढेच सैल करा. बाकी तिचे मोठे तिरके टाके ठेवा. मोठा टाका पायाच्या बोटात अडकतो म्हणतात, तर ती बाजू डोक्याकडं घ्या. झालं.

दोरा कुठला वापरलाय? पॉलिस्टरचा असेल तर पुढचे फेरे सुती दोऱ्यानं करा. विरलेल्या लुगड्याला चिवट दोरा कापतो, हा माझा अनुभव.

सुईदोरा

सुतीच आहे, जाड रिळाचा. मेणबत्तीवरून ओढून घेत होतो, गुंता कमी होतो.

अटलांटिकपार

काय सुंदर धागा आहे! मी ओहायोत राहते आणि इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांच्या गटात आहे. आम्हीही वर्षातून एकदा असंच घर भाड्याने घेऊन तीन दिवस बसतो, त्याला रिट्रीटच म्हणतात. पण फरक बघा. इथे प्रत्येकीची आपली मशीन, आपलं क्विल्ट, आपलं टेबल. इस्त्रीचं टेबल तेवढं सामायिक, आणि त्याच्या भोवती सगळ्या गप्पा. अर्धवट राहिलेल्या क्विल्टला यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. माझे सहा आहेत. रिट्रीटला जाताना एक जुनं यूएफओ पुरं करायचं म्हणून जायचं आणि येताना नवीन सुरू करून यायचं ही जुनी रीत.

चौघींनी एकाच कापडावर बसायची पद्धत इथेही होती. लाकडी चौकटीवर ताणलेलं क्विल्ट आणि भोवती गावातल्या बायका. आता बहुतेक जण लांब हाताच्या मोठ्या मशीनवर शिवायला देतात, पैसे मोजून.

तिरक्या टाक्यांचं मात्र एक सांगते. अलाबामात जीझ बेंड म्हणून नदीच्या वळणावर एक छोटी वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात वापरून फाटलेल्या पँटी, पिठाच्या पिशव्या असल्या कापडांची क्विल्टं शिवत आल्या. रेषा वाकड्या, चौकोन कधीच चौकोन नाहीत. २००२ मध्ये ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागली आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. तेव्हा तुमच्या मैत्रिणीला सांगा, तिरके टाके तिकिटावर जाऊ शकतात.

हल्याळकर

आमच्या उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोड भागात सिद्दी बायका जी शिवतात तिला कवंदी म्हणतात. सिद्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले ते लोक, पिढ्यानपिढ्या इथलेच. आमच्या शेजारच्या वाडीत मी लहानपणी बघितलंय.

त्यांची पद्धत तुमच्या उलट. तुकडे आधी जोडून पट्ट्या करत नाहीत. खाली जुनी साडी अंथरायची आणि कोपऱ्यापासून सुरू. तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, त्याच धावदोऱ्यात सगळे थर एकदम शिवायचे, पुढचा तुकडा त्याला चिकटून. कडेकडेने आत येत येत मध्यावर संपते. मोजमाप नाही, पट्टी नाही. त्यामुळे वरचं कापड पुढे ढकललं गेलं तरी पुढचा तुकडा त्या मानाने बसतो, साठून राहत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या ६ इंच-साडेसहा इंच प्रकाराला तर तिथे अर्थच नाही.

चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या रंगीत तुकड्यांची 'फुलं' लावतात. फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. तुमचा चुणीचा कोपरा उसवून दुरुस्त केलात की तिथे एक फूल लावा.

सुईदोरा

फुलाची कल्पना फारच आवडली. इरकलीच्या पदराचे जे तुकडे उरलेत ते विरलेले आहेत, पण चार पदरी घडी घातली तर टिकतील.

सुईवर कुणीच बोलत नाही. मी काल रात्री दोन तास हाताने दाबून दाबून बघितली. उन्हात धरून बघितली. काही नाही.

हिशेबी_माणूस

लोहचुंबक. फ्रिजवरच्या शोभेच्या तुकड्याचं काम नाही, जुना बिघडलेला स्पीकर असेल तर त्याच्या मागचं जाड गोल चुंबक काढा. गोधडी घट्ट जमिनीवर पसरून वर पातळ कागद ठेवा म्हणजे चुंबक सरकेल, आणि ६ इंची चौकोनांच्या रांगांनी जा. एकही चौकोन सुटायला नको. सुई पोलादाची असते, चार थरांतून ओढ नक्की जाणवेल. दोन्ही बाजूंनी करा.

सुईदोरा

अहवाल. मुलाचा कॉलेजच्या काळातला स्पीकर मोडला (तो पुण्यात नाही म्हणून). १५० चौकोन पुढून, मग उलटी करून पुन्हा. दीड तास लागला. सापडलं काय, तर तीन टाचण्या. ज्या हरवल्यात हेच आम्हाला माहीत नव्हतं! त्यातली एक थेट धोतराच्या थरात. सुई नाही.

उसवायचं कामही केलं. चुणीच्या कोपऱ्यातले टाके नेढ्याने उचलताना एक लक्षात आलं. उसवल्यावर साडीवर भोकांची रांग राहते, आणि त्या भोकांवरून डावरीचा टाका कुठला आणि मास्तरणीचा कुठला ते स्वच्छ दिसतं. मास्तरणीची भोकं रेघ मारल्यासारखी. डावरीची दोन जवळ, एक लांब, दोन जवळ, एक लांब. तिचं बोलणंही असंच आहे. इस्त्री फिरवली तरी भोकं गेली नाहीत. वाकळवाली ताई, ही बुजतात का?

वाकळवाली

दोन धुण्यांत बुजतात. घटस्थापनेच्या आधी आम्ही घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन धुतो, ओली वाकळ उचलायला दोन माणसं लागतात. तेवढा मार खाल्ला की कसलंही भोक राहत नाही.

सुई वाकळीत नाही तर बायकांच्या अंगावर बघा. पदरात, ब्लाउजच्या गळ्याला, केसांत. कुठं खोचायची सवय आहे ते विचारा एकेकीला.

वऱ्हाडी_ठेचा

माही आजी कुडाले खोचे. मंग आमचे हात.

डावरीच

नमस्कार. मी ती. खातं आजच उघडलं, कारण फोनवर हिने सगळं वाचून दाखवलं आणि मला ते पुन्हा स्वतः वाचायचं होतं. वाकळवाली ताईंचा प्रतिसाद चार वेळा वाचला.

सुई माझ्याकडे आहे. ड्रेस गोधडीला शिवला गेला तेव्हा तिघी मला सोडवत होत्या आणि मी हसता हसता हातातली सुई ओढणीच्या कडेला खोचली. मग दुसरी सुई घेतली, ती ओढणी पिशवीत गेली. आज धुवायला काढली तर किनारीत उभी. नेढ्यात वीतभर दोरा अजून तसाच आहे.

एक विचारते. ते धोतरांचे थर टाचण्या काढताना कुठे फाटले नाहीत ना?

सुईदोरा

नाही गं. एक तंतू हलला नाही. दोन्ही तशीच्या तशी आहेत.

सुई जपून ठेव. आणि ऐक, सगळ्यांचं ठरलं आहे. जानेवारीपर्यंत थांबायचं नाही. गोधडी प्रत्येकीकडे दोन-दोन महिने राहणार, पहिली तुझ्याकडे नाशिकला. मी स्वतः घेऊन येते, कुरियरने पाठवायला जीव होत नाही. चुणीचा कोपरा नुसता कच्च्या टाक्यांवर ठेवलाय, पक्के तूच घालायचेस. तिथे फक्त तू आणि गोधडी, त्यामुळे कुठल्या दिशेने शिवायचं हा प्रश्नच नाही.

वाकळवाली

आहे प्रश्न. आधीचे फेरे ज्या दिशेनं गेलेत त्याच दिशेनं जायचं. एकटी असली तरी आतच बसायचं, तोंड बाहेर.

डावरीच

आत बसते. ड्रेस घालणार नाही, साडी नेसते आणि ओचा घट्ट खोचते.